टांझानियातील शाळेत दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून शिकवायला जात आहे. तेथे रुळायला किती काळ लागतो?

मी तेथील एका ग्रामीण सरकारी माध्यमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून गणित शिकवले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. राहण्याची घडी महिन्याभरात बसते. वर्गाची घडी बसायला मात्र मला संपूर्ण पहिले सत्र लागले, आणि अडचण गणिताची नव्हतीच.

तेथील सरकारी शाळांत मुले प्राथमिकची 7 वर्षे स्वाहिलीतून शिकतात आणि माध्यमिकच्या पहिल्या वर्षी, म्हणजे ‘फॉर्म वन’मध्ये, माध्यम एकदम इंग्रजी होते. मी धडा संपवून इंग्रजीत ‘समजले का?’ असे विचारी आणि सगळा वर्ग एका सुरात ‘येस, टीचर’ म्हणे. तीन आठवड्यांनी वह्या तपासल्या, तेव्हा फळ्यावरचे अक्षर न् अक्षर, अगदी पुसायचे राहून गेलेले आदल्या तासाचे भूगोलाचे शीर्षकसुद्धा, सुवाच्य अक्षरात उतरवलेले दिसले. सोडवायला दिलेले उदाहरण मात्र बहुतेक वह्यांत कोरे होते. त्यानंतर मी रोज पाच-सहा संज्ञा स्वाहिली अर्थासह फळ्याच्या कोपऱ्यात लिहू लागलो आणि ‘समजले का?’ हा प्रश्नच सोडून दिला. त्याऐवजी प्रत्येकाने कागदाच्या कपट्यावर उत्तर लिहून सर्वांनी ते एकदम वर धरायचे, असा नेम केला. त्यामुळे एकट्याने चुकण्याची लाजही वाचली.

म्हणून निघण्यापूर्वी स्वाहिली शिकाच. आपल्याला ती वाटते तितकी परकी नाही: गाडी ती ‘गारी’, दुकान ते ‘दुका’, सवाल तो ‘स्वाली’. मात्र अनेकवचनात शब्दाचा शेवट नव्हे, तर आरंभ बदलतो (‘किताबु’चे ‘विताबु’ होते), तेथे आपली सवय आडवी येते. तासही सूर्योदयाच्या सुमारापासून मोजतात. घटका-प्रहर मोजणाऱ्यांच्या वंशजाला हे जड जायला नको होते. तरीही ‘सा म्बिली’ म्हणजे दोन वाजता असे धरून मी दुपारी शिक्षकांच्या बैठकीला पोहोचलो, ती सकाळी आठलाच झाली होती.

वडीलधाऱ्यांना आणि शिक्षकांना ‘शिकामो’ म्हणतात, त्यावर ‘मारहाबा’ असे उत्तर द्यायचे असते. मी नम्रपणाने मुलांनाच उलट ‘शिकामो’ म्हणत असे आणि मुले हसू दाबत. शिक्षकाला तेथे मोठा मान आहे. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलिअस न्येरेरे हे स्वतः शिक्षक होते आणि आजही त्यांना ‘म्वालिमु’, म्हणजे शिक्षक, असेच संबोधतात. पण याच मानापोटी मुले शंका विचारायला धजत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

पर्यटक व्हिसावर शिकवण्याचे काम करता येत नाही, तेव्हा निवास परवाना कोण काढणार, हे संस्थेकडून लेखी घ्या. मलेरियाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधीच विचारा. शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. आमच्या गावचा कच्चा रस्ता त्यात बंद पडे, म्हणून खडू, कागद आणि मेणबत्त्या फेब्रुवारीतच आणून ठेवाव्या लागत.