सिमेंट कारखाने सौर विजेवर चालवले तर प्रदूषण थांबेल का? घर बांधणाऱ्याच्या हातात काय आहे?

मी कोरपना तालुक्यात घरबांधणीची कामं घेतो. आमच्या भागात जमिनीखाली चुनखडी, म्हणून आजूबाजूला सिमेंट कारखाने. नुसत्या सौर विजेनं भागणार नाही, कारण बहुतेक कार्बन डायऑक्साइड विजेतून येतच नाही.

तो येतो दगडातून. चुनखडी भट्टीत तापली की फुटते, चुना उरतो आणि वायू उडून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड! खाली कोळसा जाळा नाहीतर पऱ्हाट्या, हा आकडा बदलत नाही. पुढे १४५० अंशांच्या आसपास क्लिंकर, म्हणजे ज्याला दळून सिमेंट होतं तो भाजलेला खडा, तयार होतं, त्या कोळशाचा धूर वेगळा. ढोबळमानानं ६० टक्के वाटा दगडाचा, बाकी मुख्यतः इंधनाचा.

म्हणून खरा उपाय एकच मोठा आहे: गोणीतलं क्लिंकर कमी करणं. पीपीसी, म्हणजे राखेच्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश (कोळशाची उडती राख) चालते, आणि चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे विदर्भात राखेला तोटा नाही. पोलाद कारखान्याच्या धातुमळीचं सिमेंट, म्हणजे पीएससी, त्याहून पुढे जातं. कोळशाची वीज कमी होत गेली की राखही कमी पडेल. तेव्हा एलसी३ नावाचं सिमेंट कामी येईल. त्यात क्लिंकर साधारण निम्मंच असतं, बाकी भाजलेली माती, कच्ची चुनखडी आणि थोडं जिप्सम. ही माती ७०० ते ८५० अंशांवरच भाजते. २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं. आपल्या भागात ते लवकर मिळावं अशी माझी फार इच्छा आहे.

पऱ्हाटीवर बसणारी धूळ हा वेगळा प्रश्न. तिच्यासाठी कारखान्यात फिल्टर नीट चालले पाहिजेत आणि ट्रक झाकूनच निघाले पाहिजेत.

आता तुमचं घर. गावात अजून सगळे "स्लॅबला ५३ ग्रेडच द्या", म्हणजे राख नसलेलं साधं सिमेंटच द्या, म्हणतात, राखेचं सिमेंट कच्चं समजतात. मला याचं वाईट वाटतं. पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद घेतं, पण २८ दिवसांनंतरही घेत राहतं, आणि साध्या घराला ते पुरेसं आहे. मात्र मिस्त्रीला कामावर राख मिसळू देऊ नका. कारखान्यात दळून आलेलीच गोणी घ्या, तिच्यावर पीपीसीचा भारतीय मानक क्रमांक आयएस १४८९ आणि पॅकिंगचा आठवडा बघा. पाणी किमान १० दिवस मारा. साध्या सिमेंटला ७ दिवस चालतात, इथे नाही. एप्रिल-मेच्या उन्हात स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला ओले बारदान गुंडाळा. आणि सेंट्रिंगवाला घाई करत असला तरी इंजिनिअरला विचारल्याशिवाय टेकू काढू देऊ नका.