ड्रॉप-वेट मशीनवर (दांडीवरचं वजन खाली येत स्ट्रिंग ओढतं ती) रॅकेटचं गटिंग, म्हणजे स्ट्रिंग ओढून बसवणं, करताना दांडी बरोबर आडवी येत नाही. माझ्याकडे सुटे क्लॅम्प आहेत (ओढलेली स्ट्रिंग धरून ठेवणारे, मशीनला न जोडलेले चिमटे). ताण चुकतो का? क्रँकवाली (हँडल फिरवून स्ट्रिंग ओढायची) मशीन घ्यायला हवी होती का?

मशीन बदलू नका. दांडी थोडी कलली म्हणून तुमचं गटिंग बिघडत नाही. ताण ठरतो तो वजन आसापासून आडव्या रेषेत किती लांब आहे त्यावर. दांडी ५ अंश वर किंवा खाली राहिली तर ५५ पौंडांच्या ताणात जेमतेम पाव पौंडाचा फरक पडतो, १० अंशांनाही एक पौंड पुरा होत नाही. २० अंशांवर मात्र तीन पौंडांहून जास्त जातात, तेव्हा पुन्हा ओढायलाच हवं. मी पहिल्या रॅकेटला एकेक स्ट्रिंग पाच-पाच वेळा ओढत बसलो होतो. त्याची काही गरज नव्हती.

हात बसायला दहा-बारा स्ट्रिंग लागतात. पॉलिस्टर कमी ताणलं जातं, म्हणून दांडी थोडीच वर ठेवून पकडा. नायलॉन जास्त ताणलं जातं, तिथे आणखी वरून सुरुवात करा. दांडी हाताने सावकाश खाली सोडा. धाडकन सोडली तर झटक्याने ठरवल्यापेक्षा जास्त ताण बसतो. आणि क्लॅम्प लावण्याआधी प्रत्येक स्ट्रिंगला सारखाच वेळ थांबा, मी मनात पाच आकडे मोजतो. स्ट्रिंग सैलावत जाते तसं वजन तिला ओढतच राहतं. क्रँक ठरलेल्या ताणाला लॉक होते, पुढे ओढत नाही. त्यामुळे स्वस्त असली तरी या बाबतीत तुमची मशीन सरस आहे.

खरा ताण जातो तो क्लॅम्पमध्ये. तुमच्याकडे सुटे क्लॅम्प आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते फ्रेमला जितके खेटून लावाल तितकं चांगलं, आणि दात स्पिरिटने पुसत जा. मेणचट झाले की स्ट्रिंग हळूच मागे सरकते. उभ्या स्ट्रिंग ओढताना डावी-उजवी बाजू आलटूनपालटून घ्या. एक बाजू दोन-तीन स्ट्रिंगांपेक्षा पुढे गेली की फ्रेमवर वेडावाकडा भार येतो.

दांडीवरच्या खुणांवर मात्र आंधळा विश्वास नको. सामान तोलायचा डिजिटल काटा आणा. त्याचं एक टोक पक्कं बांधा, हुकात जुन्या स्ट्रिंगचा फास अडकवा, दुसरं टोक मशीनच्या पकडीत द्या आणि दांडी आडवी येऊ द्या. ५५ च्या खुणेला काटा ५३ दाखवत असेल तर वजन सरकवत ५५ ची खरी जागा शोधा आणि तिथे पर्मनंट मार्करने स्वतःची रेघ मारा.