गणपतराव देशमुख खरंच एसटीने फिरायचे का, की गेल्यानंतर लोकांनी रंगवलेली गोष्ट आहे?

फिरायचे. उत्तर खरं तर इथंच संपतं. पण 'रंगवलेली गोष्ट' हे शब्द डोक्यात गेले, म्हणून पुढचं लिहितोय.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातला, ते आमचे आमदार. आमच्याकडं त्यांना गणपतराव कोणी म्हणत नाही, आबासाहेब म्हणतात. एसटीत आमदारांसाठी राखीव जागा असते, तशी पाटीही असते. बाकी महाराष्ट्रात त्या जागेवर कोणाचीतरी पिशवी असते, आमच्याकडं आमदार बसायचा. त्याचं नवल आम्हाला कधी वाटलं नाही. ते बाहेरून आलेल्या पत्रकारांना वाटलं आणि मग एसटी एके एसटी सुरू झालं.

आमच्या घरात आबासाहेबांचा विषय निघाला की एसटी नाही, 192 हा आकडा निघतो. 1962 पासून 2014 पर्यंत ते 11 वेळा निवडून आले. शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, सोडला नाही, मतदारसंघ बदलला नाही. पडले दोनदाच, 1972 ला आणि 1995 ला. 1995 ला पडले ते 192 मतांनी, आणि मतदानाच्या दिवशी आमच्या घरची पाच मतं जतला लग्नाच्या पंगतीत बसली होती.

माझे वडील, अण्णा, लाल बावट्याचे, म्हणजे शेकापचे. गावात बैठक असली की सतरंजी अंथरण्यापासून सगळं तेच करायचे. लग्न मावशीच्या नात्यातलं, टाळता आलं असतं. पण धाकटे चुलते नाना म्हणाले, "आबासाहेब काय पडत्यात व्हय? आपल्या पाच मतांवाचून काय आडतंय!" टेम्पो ठरला. येताना वाटेत टायर बसलं. गावात शिरलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि शाळेत मतपेट्यांना लाखेचं सील लागत होतं. अण्णा फाटकाशी उभे राहिले. मी अकरा वर्षांचा, त्यांचा हात धरून. बोटांना हळद लागली होती, शाई नव्हती.

निकालाच्या दिवशी अण्णांनी डाळिंबाला पाणी सोडलं आणि मोटार बंद करायची विसरले. विहिरीत होतं नव्हतं तेवढं पाणी बांधावरून वाहून गेलं. ज्यांना सांगोल्याचा उन्हाळा माहीत आहे त्यांना हे काय झालं ते कळेल.

नाना म्हणायचे, पाच धरली तरी 187 कमीच पडत होती. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "आपल्यासारखी चाळीस घरं लग्नाला गेली नसतील कशावरून?" हा वाद वीस वर्षं चालला. 1999 ला आबासाहेब परत निवडून आले तरी मिटला नाही.

नानांचं दुसरं पालुपद, "साधेपणानं पोट भरतं का?" नाही भरत. म्हणूनच मला एसटीच्या गोष्टीचा राग येतो. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथं सूतगिरणी काढून त्यांनी ती नीट चालवून दाखवली. सहकारातल्या किती गिरण्यांचं भंगार झालं ते बघा आणि मग बोला. आटपाडीच्या पाणी परिषदेत ते स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर वर्षानुवर्षं बसले. 13 दुष्काळी तालुक्यांची माणसं तिथं यायची. कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूवरून उचलून आमच्याकडं आणायचं, हे तेव्हा लोकांना थट्टा वाटायचं. पुढं तेच पाणी माण नदीच्या कोरड्या पात्रात सुटलं, तेव्हा पुलावर बघायला सगळ्यांत आधी कोण गेलं असेल? नाना.

हां, एक राहिलं. ते 1978 ला आणि पुन्हा 1999 ला मंत्रीही होते, आणि मंत्र्याला सरकारी गाडी असतेच. तेव्हा जन्मभर एसटीच, असं कोणी सांगत असेल तर ती मात्र रंगवलेली गोष्ट. 2019 ला ते थांबले आणि उमेदवारी नातवाला मिळाली, हेही मला पटलं नव्हतं. जन्मभर बावटा धरलेली इतकी माणसं असताना घरातच का, हा प्रश्न अण्णा असते तर त्यांनीही विचारला असता. मत मात्र तिथंच दिलं असतं.

30 जुलै 2021 ला आबासाहेब गेले, 94 व्या वर्षी. अण्णा त्याच्या चार वर्षं आधीच गेले होते. गावात देवळापुढं छोटी शोकसभा झाली. कोरोनामुळं सगळे तोंडाला रुमाल बांधून लांब लांब बसलेले. नानांनी माईक घेतला. अजातशत्रू, साधी राहणी, एसटी, सगळं झालं. मग म्हणाले, "1995 ला आमच्या थोरल्या भावानं लग्नाचा हट्ट धरला नसता तर पाच मतं वाढली असती." लोकांनी माना हलवल्या. सुतकी वातावरणात मी काय बोलणार?

तुम्हाला कुठं आबासाहेबांवर लिहायचं असेल तर एसटी एका ओळीत उरका आणि पाण्यावर या. आणि नाना, पोरं तुम्हाला हे मोबाईलवर वाचून दाखवतीलच. टेम्पो तुम्ही ठरवला होता. भाडं अण्णांनी दिलं, एवढंच.