रेकॉर्डर बिघडला म्हणून कॅमेरेही बदलावेत का?

प्रश्न : बडोद्यात दांडिया बाजार भागात आमच्या संस्थेची शाळा आणि सभागृह आहे. तेथे सहा वर्षांपूर्वी बसवलेल्या १६ आयपी (संगणकी नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या) कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर गेल्या महिन्यात बंद पडला. ते मॉडेल आता मिळत नाही. दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर या कॅमेऱ्यांना चालणार नाही, त्यामुळे सर्व कॅमेरेही बदलावे लागतील, असे ठेकेदार म्हणतो. कॅमेरे मात्र उत्तम आहेत. हा खर्च अटळ आहे का? (एक विश्वस्त, बडोदे)

उत्तर : ठेकेदाराचे म्हणणे खरे असू शकते, परंतु तपासल्याशिवाय ते मान्य करू नये. कॅमेऱ्याने चित्र कसे पाठवावे आणि रेकॉर्डरने ते कसे मागावे, याचे नियम पूर्वी प्रत्येक उत्पादक स्वतःपुरते ठरवत असे. त्यामुळे एकदा एका कंपनीचे सामान घेतले की ग्राहक तिच्याशी कायमचा बांधला जाई. ही अडचण ओळखून ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये ‘ऑनव्हिफ’ ही संघटना स्थापन केली आणि कोणत्याही उत्पादकाला वापरता येतील असे सामायिक नियम प्रसिद्ध केले. त्यांत चित्र पाठवण्यासाठी ‘प्रोफाइल एस’, एच.२६५ सारख्या, चित्र कमी जागेत बसवण्याच्या नव्या पद्धतींसाठी ‘प्रोफाइल टी’ आणि साठवणुकीसाठी ‘प्रोफाइल जी’ असे वेगवेगळे भाग आहेत.

आपण प्रथम कॅमेऱ्याच्या मागील पट्टीवरचा मॉडेल क्रमांक ऑनव्हिफच्या संकेतस्थळावरील यादीत शोधावा. तो सापडला तर दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर कॅमेऱ्याला जोडून प्रत्यक्ष चाचणी घ्यावी, आणि चाचणी फसली तरी लगेच हार मानू नये. अनेक कॅमेऱ्यांत ऑनव्हिफची सोय कारखान्यातून बंदच ठेवलेली असते आणि तिच्यासाठी वेगळे वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड तयार करावा लागतो. दुसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ओळख पटवताना पासवर्डासोबत वेळही तपासली जाते, म्हणून रेकॉर्डर बंद पडल्यापासून कॅमेऱ्याचे घड्याळ मागेपुढे झाले असेल, तर पासवर्ड अचूक असूनही जोडणी नाकारली जाते. कॅमेऱ्यांचे पासवर्ड आजवर ठेकेदाराकडेच असतील, तर ते आजच लेखी मागून घ्यावेत. ते संस्थेच्या मालकीचे आहेत. कॅमेरा यादीत नसला तरी ‘आरटीएसपी’ या खुल्या पद्धतीने त्याचे चित्र बहुतेक रेकॉर्डरना घेता येते, मात्र हालचालीच्या सूचना मिळतीलच असे नाही.

नव्या रेकॉर्डरच्या कोटेशनमध्ये ‘ऑनव्हिफ चालतो’ एवढे मोघम वाक्य स्वीकारू नये. कोणते प्रोफाइल आणि कोणत्या मॉडेलसाठी, हे लिहून घ्यावे. चेहरा किंवा वाहनाची नंबरप्लेट ओळखण्यासारख्या कंपनीच्या खास सुविधा दुसऱ्याच्या रेकॉर्डरवर अनेकदा चालत नाहीत. आपले जुने कॅमेरे जोडून दाखवल्यावरच पैसे दिले जातील, अशी अट घालावी. फूटेज सर्वसाधारण व्हिडिओ फाइलच्या रूपात काढता येते का, हेही पाहावे. गुजरातच्या २०२२ च्या सार्वजनिक सुरक्षाविषयक कायद्यात वर्दळीच्या आस्थापनांसाठी ३० दिवसांचे फूटेज जपण्याची तरतूद आहे. संस्था त्याच्या कक्षेत येत असेल आणि पोलिसांनी फूटेज मागितले, तर केवळ कंपनीच्याच प्लेअरवर उघडणारी फाइल सर्वांचीच अडचण करते.

प्रश्न : नियम सर्वांना खुले असतील तर ते चोरालाही कळतील. त्यापेक्षा बंदिस्त यंत्रणाच अधिक सुरक्षित नव्हे काय? कार्यालयाच्या दारावर कार्डाची यंत्रणा बसवण्याचा आमचा विचार आहे. (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : आपली शंका स्वाभाविक आहे, पण माझे मत उलट आहे. यंत्रणेची सारी रचना शत्रूला कळली तरी गुप्त किल्ली हाती लागेपर्यंत ती सुरक्षित राहिली पाहिजे, हे तत्त्व गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. रचना लपवून मिळालेली सुरक्षितता ती उघड झाल्याच्या दिवशी संपते, आणि तोपर्यंत तिच्यातील उणीव शोधून सुधारण्याची संधी बाहेरच्या अभ्यासकाला मिळालेली नसते.

कार्डाच्या यंत्रणेत हा फरक स्पष्ट दिसतो. दाराजवळील कार्ड वाचणारा रीडर आणि दार उघडायचे की नाही हे ठरवणारा आतील नियंत्रक यांच्यामध्ये आजही पुष्कळ ठिकाणी ‘वीगंड’ ही जुनी जोडणी वापरली जाते. तिच्यातून कार्डाचा क्रमांक उघडाच जातो, त्यामुळे रीडर उघडून तारांवर छोटे उपकरण बसवणाऱ्याला तो टिपता येतो. तिच्या जागी आलेले ‘ओएसडीपी’ हे खुले मानक २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात १२८ बिटांच्या किल्लीच्या ‘एईएस’ या पद्धतीने संदेश कूटबद्ध करता येतात, म्हणजे किल्ली नसणाऱ्याला ते वाचता येत नाहीत, आणि संवाद दुतर्फा असल्याने कोणी रीडर काढून टाकला तर नियंत्रकाला ते कळते.

तथापि ‘ओएसडीपी’ लिहिलेला रीडर आणला म्हणजे काम झाले, असे समजू नये. कूटबद्धतेसाठी त्यातील ‘सिक्युअर चॅनेल’ मुद्दाम सुरू करावे लागते आणि कारखान्यातून आलेली सामायिक किल्ली बदलावी लागते. घाईत काम उरकणारा कारागीर हे दोन्ही टाळतो, आणि दार तर नेहमीसारखेच उघडत असल्याने कोणाला काही जाणवत नाही. म्हणून ही दोन्ही कामे आपल्यासमोर करून घ्यावीत आणि हस्तांतरणाच्या कागदावर त्यांची नोंद घेऊन मगच सही करावी.