ताटातलं गोड : लेकीला पत्र

कैझर्सलाउटर्न, जर्मनी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचला आणि दोन ओळींत उत्तर देऊन तो मिटवावासा वाटला नाही, म्हणून हे पत्र. तू लिहिलंस ते असं : बेळगावातल्या वडगावच्या लग्नात पंगतीला बसलात, मीठ-चटणीपाठोपाठ जिलबी आली, आणि वरणभाताचे दोन घास होतात न होतात तोच आजीनं जिलबीला हात घातला. मी मात्र इकडच्या हॉटेलांतले जे फोटो पाठवतो त्यांत गोड कायम शेवटी येतं. मग आपण मराठी माणसं गोड जेवणाच्या मध्येच का खातो? त्यात तुझी शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "आमच्यातबी असंच असतंय की." मग ही रीत मराठी म्हणायची की कन्नड?

आधी सरळ उत्तर देतो. आपल्याकडे गोड हे जेवण संपवल्याचं बक्षीस नसतं, सणाचं जेवण त्याच्याभोवतीच उभं राहतं. आजी आदल्या रात्री काय विचारते आठव. "उद्या गोड काय करायचं?" एवढं ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं. श्रीखंड असलं तर पुरी आणि बटाट्याची भाजी, जिलबी असली तर मसालेभात आणि मठ्ठा, पुरणपोळी असली तर कटाची आमटी. शिवाय सणाचं ताट आधी देवापुढे जातं, आणि ते पूर्ण वाढूनच जातं. मीठ-लिंबापासून पुरणापर्यंत सगळं एका वेळी. नैवेद्याचं ताट जसं, तसंच आपलं. आयुर्वेदातही सहा रसांमध्ये मधुर रस जेवणाच्या सुरुवातीला घ्यावा असं सांगितलंय. पण आपल्या घरी कुणी ग्रंथ बघून जिलबी खात नाही, तेव्हा ते कारण मी मागेच ठेवतो.

खरं कारण मला बेंदराच्या दिवशी स्वयंपाकघरात दिसतं. आपल्याकडे ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, बैलांच्या शिंगांना रंग आणि घरात पुरण. आजी हरभऱ्याची डाळ मुद्दाम जास्त पाण्यात शिजवते. डाळ बोटानं चिरडली की चाळणीत उपसते आणि खाली जे दाटसर पिवळं पाणी उतरतं तो कट. डाळीत गूळ पडतो, ते पुरण होतं. कटात कांदा-लसणाचं तिखट, भाजलेलं खोबरं आणि चिमटीभर पुरण पडतं, ती आमटी होते. म्हणजे गोड आणि तिखट दोन्ही एकाच पातेल्यातनं निघालेली सख्खी भावंडं. त्यातल्या एकाला आधी पानावर बोलवायचं आणि दुसऱ्याला तासभर बाहेर ताटकळत ठेवायचं, हे कसं जमणार? पोळी तव्यावरनं उतरते, तिच्यावर तूप पडतं, घास गुळवणीत बुडतो, आणि तोंड गोडानं भरून आलं की आमटीचा एक भुरका. त्या भुरक्यानं जीभ धुतली जाते आणि पुढची पोळी पुन्हा पहिल्यासारखी लागते. पुरणपोळी शेवटी एकटी दिली असती तर माणूस अर्धी खाऊन थांबला असता.

इथल्या हॉटेलातली तऱ्हा वेगळी, आणि तीही मला मनापासून आवडते. मध्यंतरी सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जेवलो. आधी कांद्याचा टार्ट आला, कांदा इतका मंद शिजवलेला की गोडसर झालेला. तो संपून बशी उचलली गेल्यावर आंबवलेल्या कोबीवर मांस रचलेलं मोठं ताट. मग मन्स्टर नावाचं उग्र वासाचं चीज, आणि सगळ्यात शेवटी थंडगार गोड. प्रत्येक पदार्थाला टेबलावर एकट्याचा मान मिळतो, गरम ते गरमच खाल्लं जातं. पण काय कशानंतर खायचं हे स्वयंपाकघर ठरवतं. आपल्या ताटात ते जेवणारा ठरवतो. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटी, खाली भाताची मूद. सगळं डोळ्यांसमोर असतं. कशाला किती जागा ठेवायची, कोणता घास कशाला लावायचा, हे आठ वर्षांचं पोरसुद्धा स्वतःच्या हातानं ठरवतं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

आणि एकामागून एक पदार्थ आणायची ही पद्धत युरोपातही फार जुनी नाही बरं का. फ्रान्समधल्या बड्या मेजवान्यांत पूर्वी एकेका फेरीला कितीतरी पदार्थ एकदम मांडून ठेवत आणि जो तो हाताशी येईल ते घेई. निम्मं अन्न गार होऊन जाई. १९व्या शतकात तिथं रशियन पद्धत रुजली, म्हणजे एक पदार्थ आणायचा, वाढायचा, मग दुसरा. पुढे हॉटेलांनी तीच उचलली.

आता जी गोष्ट सांगायला मी टपलोय ती. मी राहतो त्या फाल्ट्स भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जांभळे लांबट प्लम बाजारात येतात, आणि घराघरांत बटाट्याचं सूप आणि प्लमचा केक होतो. दोन्ही एकदम, एकाच जेवणात! मीठ-मिरीचं दाट सूप चमच्यानं प्यायचं, दुसऱ्या हातातल्या आंबटगोड केकचा घास घ्यायचा, पुन्हा सूप. शेजारच्या आजींनी पहिल्यांदा माझ्यासमोर हे ठेवलं तेव्हा मला कसं खायचं ते सांगावं लागलं नाही. जर्मनीच्याच इतर भागांतले माझ्या कारखान्यातले लोक याला नाक मुरडतात, पण इथल्या लोकांना त्याशिवाय सप्टेंबर सरल्यासारखा वाटत नाही. जपानमध्येही मी गोड आधी खाल्लंय. तिथं माच्चा चहाच्या आधी लालसर घेवड्याच्या गोड पुरणाची मिठाई देतात, ती संपवायची आणि मग तो कडसर चहा प्यायचा. उलट आपल्याच देशात बंगाली जेवण शुक्तोसारख्या कडवट भाजीनं सुरू होतं आणि गोड अगदी शेवटी येतं. तेव्हा "भारतीय असं खातात आणि परदेशी तसं" ही वाटणी कुणी केली तर मान डोलावू नकोस.

तो केक मी आता घरी करतो. कोमट पाव लिटर दुधात यीस्ट आणि चमचाभर साखर घालून फेस येऊ द्यायचा. अर्धा किलो मैदा, एक अंडं, ७५ ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ घालून दहा मिनिटं चांगलं मळायचं, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवलं की पीठ दुप्पट फुगतं. (इथं मैद्याच्या पुड्यावर ४०५, ५५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते ते हे आकडे सांगतात. फाउंड्रीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटलं असेल बघ.) पीठ ट्रेवर बोटांनी पसरायचं. प्लम चिरून बी काढायची, फोडी उभ्या लावायच्या, खानापूरच्या कौलांसारख्या एकीवर एक रेललेल्या, मध्ये फट नको. दीड किलो प्लम सहज लागतात. १९० अंशांवर ३५-४० मिनिटं. साखर वरून भुरभुरायची ती ओव्हनमधनं काढल्यावरच, कारण आधी घातली तर ती फळाचं पाणी ओढून काढते आणि खालचं पीठ गिच्च होतं. आईला सांग, आपल्या छोट्या ओव्हनमध्ये निम्म्या मापाचा होईल. बाजारात प्लम नसले तर अननसाच्या पातळ फोडी लाव, पण त्या आधी कढईत थोड्या परतून पाणी आटवून घे.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, मराठी की कन्नड. स्ट्रासबुर्ग ज्या आल्सास प्रांतात आहे तो १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनांच्या ताब्यात आणि १९४५ पासून परत फ्रान्समध्ये. जुन्या पेठेत रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि आल्सेशियन अशा दोन भाषांत आहेत. आणि मधोमध भोक असलेला, उंच साच्यातला गुगलहुप्फ केक ऱ्हाईन नदीच्या दोन्ही काठांवर भाजला जातो. आपलंही तसंच समज. १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून आपल्या माणसांनी भाषेसाठी काय सोसलं ते आजोबांनी तुला सांगितलंच आहे, ते विसरायचं नाही. पण पुरण त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्ही घरांत शिजतंय. तुझ्या मैत्रिणीकडे होळगी, म्हणजे त्यांची पुरणपोळी, होते आणि त्याच कटाचं सारू होतं, शेंगाची होळगी तर आपण त्यांच्याकडनंच शिकलो. म्हैसूर-बंगळूरकडे केळीच्या पानावर सुरुवातीलाच थोडी पायस वाढतात. ती रीत आपली आहे आणि तिचीही आहे. आपलं म्हणायला दुसऱ्याचं नाही असं सिद्ध करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या रीतीतली मला खुपते. सगळ्यांच्या पानात गरम पोळी पडावी म्हणून आजी आणि आई तव्यापाशी उभ्या राहतात आणि स्वतः शेवटी, गार झालेलं जेवतात. पूर्वी पहिली पंगत पुरुषांची आणि मग बायकांची, हे तर मी स्वतः पाहिलंय. इथं शेजारच्या आजी सूप आणि केक टेबलावर ठेवतात आणि सगळ्यांबरोबर खुर्ची ओढून बसतात. पुढच्या सणाला अर्ध्या पोळ्या झाल्या की तू आणि काका उठा, आजीला पाटावर बसवा आणि उरलेल्या पोळ्या तुम्ही भाजा. पोळी फाटली तर फाटू दे. आजी रागावेल, "तुमाला काय जमतंय," म्हणेल, तरी तिच्या पानात तूप वाढायचं.

कुंदा, आपली ती बेळगावी दुधाची मिठाई, पाठवू का असं विचारलं होतंस. नको पाठवू गं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरनं दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, विमानतळावरच काढून घेतात. त्याऐवजी कुणी येणार असेल तर शेंगाची चटणी आणि आजीचं कांदा-लसणाचं तिखट दे, नीट दोन पिशव्यांत बांधून. आणि आजीला विचारून एवढं कळव : ती कटाच्या आमटीत चिंच घालते की आमसूल? इथं माझी आमटी जमते, पण आंबटपणा तिच्यासारखा येत नाही, आणि यंदा शेजारच्या आजींना मी पुरणपोळीला बोलावलंय.

तुझा,
बाबा