लांडग्यांच्या टोळीत कुत्र्याचं रक्त

प्रश्न : डॉक्टर, आमचं गाव सासवडजवळ माळाच्या कडेला आहे. यंदा थंडीत लांडग्यांच्या टोळीत एक फिकट पिवळा प्राणी दिसला, शेपटी कुत्र्यासारखी वर वळलेली. वाड्यावरचे धनगर मामा म्हणाले, ‘ह्यात कुत्र्याची पैदास शिरलीय.’ असं खरंच होतं का? आणि झालंच तर ती पिल्लं खेचरासारखी वांझ निघतात ना?
— एक वाचक, पुरंदर तालुका

उत्तर : होतं. आणि ती वांझ निघत नाहीत, खरी काळजी तिथेच आहे.

घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, म्हणून खेचराच्या वाट्याला 63 येतात. शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. खेचरात त्या नीट लागत नाहीत. लांडगा आणि कुत्रा, दोघांचीही गुणसूत्रं 78. कुत्रा मुळात लांडग्याच्याच कुळातून माणसाळलेला. त्यामुळे जोड्या बिनबोभाट लागतात आणि पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात.

संख्या सारखी असली की सगळं जुळतंच, असं मात्र नाही. वाघ आणि सिंह दोघांची 38, तरी त्यांच्या संकरातले नर वांझ असतात. माद्या मात्र गाभण राहू शकतात. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात 1971 मध्ये वाघ आणि सिंहिणीपासून रुद्राणी नावाची मादी जन्मली, आणि तिला पुढे सिंहापासून सात पिल्लं झाली. सस्तन प्राण्यांच्या संकरात आधी नर वांझ होतो, हा नियम जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1922 मध्ये मांडला होता. (हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.) लांडगा-कुत्र्याच्या संकरात ही आडकाठीही नाही.

मग रोज का घडत नाही? लांडगीण वर्षातून एकदाच माजावर येते, आपल्याकडे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात. गावातली कुत्री बहुधा वर्षातून दोनदा माजावर येते, आणि कुत्रा तर बाराही महिने तयार असतो. लांडगिणीचा जोडीदार जिवंत असेल तर तो कुत्र्याला जवळ फिरकू देत नाही. घात होतो तो टोळी मोडल्यावर. नर गाडीखाली सापडला, विष घातलेली मेंढी खाऊन मेला किंवा डिस्टेंपर या कुत्र्यांकडून पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाने गेला, की एकटी मादी माजावर येते तेव्हा आसपास दुसरा लांडगा नसतो, कुत्रे मात्र दहा असतात. म्हणून बहुतेक संकरांत आई लांडगीण आणि बाप कुत्रा असतो. गर्भकाळ दोघांचा सारखाच, सुमारे 63 दिवस. पिल्लं ओढ्याकाठच्या बिळात जन्मतात. नर लांडगा असता तर त्याने पोटातलं मांस ओकून त्यांना भरवलं असतं. कुत्रा गावात परततो आणि सगळा भार आईवर पडतो. पिल्लं जगली तर लांडग्यांतच वाढतात, लांडग्यांतच जोडी शोधतात.

तुमच्या मामांची नजर पक्की आहे. भारतातला पहिला जनुकीय पुरावा पुणे परिसरातूनच आला. माळावर हिंडणाऱ्या निरीक्षकांनी वेगळ्या रंगाचे प्राणी टिपले होते. बंगळुरूच्या एनसीबीएस आणि एट्री या संशोधन संस्थांनी पुण्याच्या द ग्रासलँड्स ट्रस्टबरोबर तपासणी केली आणि दोन प्राणी संकरित असल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध केलं. अशी तपासणी वरवरची चालत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, डीएनए फक्त आईकडून येतो. आई लांडगीण असेल तर तो लांडग्याचाच दिसणार. पेशीच्या केंद्रकातला डीएनए वाचावा लागतो, तेव्हा बाप सापडतो. नुसत्या डोळ्यांनी तर मुळीच खात्री देता येत नाही, कारण दोन पिढ्या लांडग्यांशी पुन्हा संकर झाला की रंग, शेपटी सगळं लांडग्याचं दिसू लागतं.

मला हे फार जिवाला लागतं. भारतीय लांडग्याची शाखा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे, आणि देशभरात ते जेमतेम दोन-तीन हजार असावेत असा अंदाज आहे. गावकुत्री कोट्यवधी. पाणी कोणत्या बाजूला वाहणार हे उघड आहे.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर फेकणं बंद करायला लावा. त्या ढिगावर कुत्रे आणि लांडगे एकाच ठिकाणी येतात. आणि माळालगतच्या वाड्यावस्त्यांवरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण व्हावं, म्हणून ग्रामसभेत विषय घ्या. गावातल्या मोकाट कुत्र्यांइतकीच मेंढवाड्यावरची राखणीची कुत्रीही त्यात हवीत. मी पशुवैद्य म्हणून वाड्यांवर गेले तेव्हा ती कायम राहून गेलेली दिसली. तो पिवळा प्राणी पुन्हा दिसला तर हुसकू नका, लांबून फोटो काढा आणि वनविभागाला 1926 वर कळवा.

प्रश्न : कोल्हा आणि खोकड यांचाही संकर होतो का?
— एक विद्यार्थिनी, वाशीम

उत्तर : नाही. खोकडाचं (इंग्रजीत फॉक्स; कोल्हा म्हणजे जॅकल) कुळ फार पूर्वी वेगळं झालं, आणि त्याची गुणसूत्रंही कमी आहेत. कोल्हा मात्र 78 वाल्यांतला. कोल्हा आणि कुत्रा यांचा संकर क्रोएशियात जनुकीय तपासणीने सिद्ध झाला आहे.