निंबोळी अर्क मारला, तरी मावा जिथल्या तिथे!

प्रश्न : वांग्याची ४० झाडं आहेत. रासायनिक औषध नको म्हणून घरी निंबोळी अर्क केला आणि आठ दिवसांत तीनदा, सकाळी अकराच्या सुमारास फवारला. तरी पानांखाली मावा आहेच, वर कोवळे शेंडे माना टाकतायत. आता तंबाखूचा काढा मारायचा सल्ला मिळतोय. मारू का?
— एक वाचक

उत्तर : तंबाखू नको. निकोटिन झाडातून आलं तरी विषच. फवारताना ते कातडीतूनही अंगात जातं. शिवाय तंबाखूतला मोझॅक विषाणू वांग्याला लागू शकतो. दुखणं परवडलं, पण हे औषध नको.

तुमचा अर्क वाया गेला तो बहुधा अकराच्या उन्हामुळे. निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, उन्हात लवकर निकामी होतं. ऊन कलल्यावर फवारा, आणि पानाच्या खालच्या बाजूला. वरून कितीही भिजवलं तरी मावा कोरडाच राहतो. प्रमाण ५ टक्के: पाव किलो निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, फडक्यातून पिळून गाळायची, पाणी घालून ५ लिटर करायची. त्यात १० ग्रॅम साधा साबण विरघळवा, म्हणजे द्रावण पानाला धरून राहतं. कपड्यांची पावडर घालू नका, पानं करपतात. केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा. आणि किडे पटापट पडतील ही अपेक्षा सोडा. निंबोळीनं त्यांचं खाणं सुटतं, पिल्लांची कात नीट पडत नाही. चार-पाच दिवसांनी नवी पालवी कशी येतेय ते बघा, मेलेले किडे मोजू नका.

माव्यात काळपट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, इवल्या मगरीसारखी अळी दिसली तर तिला हात लावू नका. मी एका हंगामात अशा अळ्या वेचून वेचून चिरडल्या होत्या, मोठ्या समाधानानं. पुढच्या आठवड्यात मावा दुप्पट! ती ढालकिड्याची पिल्लं होती, माव्यावर जगणारी. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.

शेंड्यांचं दुखणं मात्र वेगळं. एक सुकलेला शेंडा उभा चिरून बघा, आत गुलाबीसर अळी सापडेल. ही शेंडे व फळ पोखरणारी अळी. अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच ती आत शिरते, मग बाहेरून निंबोळी मारा नाहीतर आणखी काही, तिच्यापर्यंत पोचत नाही. इथे फवारणीपेक्षा कात्री बरी. ४० झाडं म्हणजे फार तर अर्ध्या तासाचं काम. सुकल्या जागेच्या बोटभर खाली कापा, भोकं पडलेली वांगीही काढा. कापलेलं बुंध्याशी टाकू नका, जाळा किंवा खोल पुरा. नाहीतर अळी तिथल्याच पालापाचोळ्यात कोष करते आणि पतंग होऊन परत तुमच्याच वांग्यावर येते. जोडीला याच किडीचा कामगंध सापळा लावा. त्यातल्या मादीसारख्या गंधानं फक्त नर पतंग अडकतात, त्यामुळे कात्री ठेवून देऊ नका.